पेन्सिलीचे दोन ठोके

आई गेल्यावर अठराव्या दिवशी तिच्या हाताखाली शिकणाऱ्या ऋतुजाचा फोन आला. "ताई, एक रेकॉर्डिंग पाठवू का? मॅडम असत्या तर त्यांनाच पाठवलं असतं."

माझी आई, वैजयंती, समुपदेशकांची समुपदेशक होती. विचार आणि वागणूक बदलून उपचार करणारी तरुण मंडळी पेशंटच्या परवानगीने आपली सत्रं रेकॉर्ड करून तिला पाठवत. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत बसून ती ऐकायची. जिथे समुपदेशकाच्या हातून काही निसटलं, तिथे टेबलावर पेन्सिलीचे दोन ठोके द्यायची आणि मग वहीत वेळ टिपायची. लहानपणी मी काही लपवलं की माझ्या ताटाशेजारीही ते ठोके पडत. आता मीही पुण्यात समुपदेशनच करते.

तिची तक्रार एकच होती, की सगळे आपली चांगली सत्रंच पाठवतात. "मला श्रीखंड नको गं," ती म्हणायची, "करपलेली भाकरी पाठवा."

"करपलेली आहे का?" मी ऋतुजाला विचारलं.

"तेच कळत नाही, ताई."

मी अजून आईच्या फ्लॅटवरच होते. दुपारचे तीन वाजले होते. ऊन येऊ नये म्हणून पडदे ओढून मी आईच्या खुर्चीत बसले. पेशंट मोहोळकडची होती. तिला मायाक्का म्हणू. सत्र नीट चाललं होतं, जरा जास्तच नीट. मायाक्काने घरी भरलेल्या आठवडाभराच्या तक्त्यातला एकेक रकाना ऋतुजा विचारत होती. बाराव्या मिनिटाला मायाक्का म्हणाली, "लई दमले बगा आता. शेळ्या बी जावंला दिऊन टाकल्या."

"बरं. आणि हा बुधवारचा रकाना रिकामाच आहे की?"

टक. टक.

मी टेबलाकडे पाहिलं. आईची पेन्सिल वहीवर आडवी होती. इतक्या दिवसांत मी तिला हातही लावला नव्हता. रेकॉर्डिंग मागे नेऊन पुन्हा ऐकलं. ठोके रेकॉर्डिंगमध्येच होते, लाकडावरचे.

मी ऋतुजाला फोन लावला. "सत्रात अजून कोण होतं?"

"आम्ही दोघीच."

"आणि ते ठोके?"

"तुम्हालाही ऐकू आले? माझं टेबल प्लॅस्टिकचं आहे, ताई. मला वाटलं, मलाच भास होतायत. घाबरले आणि पुढचं सगळं कागदावरून वाचत गेले."

"शेळ्या देऊन टाकल्या म्हणाली ती. आणि तू बुधवार विचारलास."

"अरे देवा."

"आत्ता फोन कर. जीव द्यायचा विचार येतो का, असं सरळ विचार."

"असं एकदम? मनात नसलं तर उगाच..."

"विचारल्याने मनात येत नाही. असतं ते बाहेर येतं." वाक्य आईचं होतं. माझ्या तोंडून ते तिच्याच सुरात आलं.

चाळीस मिनिटं मी त्या खुर्चीतून उठले नाही. मग ऋतुजाचा फोन आला. ती रडत होती.

"लगेच म्हणाली, ताई. 'व्हय की. पर कोन इचारतंय?' जाऊ तिच्याजवळ बसलीय. दीर तिला सोलापूरला दवाखान्यात घेऊन निघालाय. मीही तिकडेच चाललेय."

वेळ टिपून ठेवावी म्हणून मी ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. शेळ्या आल्या, बुधवार आला. ठोके नव्हते. तीनदा ऐकलं, फक्त पंख्याची घरघर होती.

माझ्या फोनवर सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. आईचा शेवटचा कॉल मी अजून उघडला नव्हता. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं हृदय थांबलं होतं. आता मी तो लावला.

"दोन दिवस जरा दमल्यासारखं होतंय गं," आई म्हणाली.

"झोप काढ. बरं ऐक, शेंगाचटणी पाठवलीस का?"

यानंतर ती हसली होती, असं मला पक्कं आठवत होतं. अठरा दिवस मी त्या हसण्यावर काढले होते.

ती हसली नव्हती. पेन्सिलीचे दोन ठोके ऐकू आले. मग ती थांबली, जशी समुपदेशकाला सुचावं म्हणून थांबायची. अकरा सेकंद. मागे मी कुकर बंद केल्याचा आवाज आला.

"पाठवते हं," ती म्हणाली.

मी वही ओढली, पेन्सिल उचलली आणि वेळ टिपली.