बॅटरीवरचा नंबर

"हात वर करा, मॅडम. आन् खरं सांगा, नंबरावरनं मानूस घरापत्तोर येतो का?"

तोंडात दोन टाचण्या धरून रहमतबीने विचारलं. सौदामिनी मॅडम भोरच्या टेलिफोन ऑफिसात नोकरीला होत्या आणि आत्ता रहमतबीच्या घरी ब्लाउजच्या मापासाठी हात वर करून उभ्या होत्या. अशा अवस्थेत माणूस सहसा खोटं बोलत नाही, हा रहमतबीचा इतक्या वर्षांच्या शिवणकामाचा अनुभव.

"कसला नंबर? फोनचा?"

"इंटरनेटचा. आयपी का काय म्हनत्यात, त्यो."

मॅडमनी दचकून हात खाली घेतले आणि टाचणी टोचून घेतली.

रहमतबीच्या घरी इंटरनेट आहे हे दोन हजार आठ सालीसुद्धा गल्लीत कुणाला खरं वाटत नसे. तिचा मुलगा फिरोज कुवेतला गेला तेव्हा त्याने घरात कॉम्प्युटर आणून ठेवला आणि फोनच्या तारेवर इंटरनेटचा डबा बसवून दिला. दर शुक्रवारी दुपारी तो कॅमेऱ्यावर दिसायचा. रहमतबीचा नवरा उस्मान पडद्याच्या इतका जवळ जाऊन बसे की कुवेतला नुसतं त्याचं कपाळ पोचायचं.

बाकीचे दिवस कॉम्प्युटर कापडाखाली झाकलेला असतो, अशी उस्मानची समजूत होती. प्रत्यक्षात दुपारी शिलाई मशीन थांबलं की रहमतबी ते कापड दूर करी आणि एका बोटाने मराठी टाइप करत स्वयंपाकाच्या एका चर्चेच्या पानावर लिहायला बसे. नाव घेतलं होतं 'भोरकरीण'. शिकवलं कुणी नव्हतं. 'ज्ञ' सापडायला तिला महिना लागला. तोवर तिने त्याच्यावाचून भागवलं, आणि कुणाचं काही अडलं नाही.

मग एके दिवशी तिथे 'खवय्या' नावाच्या गृहस्थाने लिहिलं की आंबेमोहोर म्हणजे गरिबाची बासमती. आंबेमोहोर पिकतो त्या भोर-वेल्ह्याकडच्या बाईने हे कसं ऐकून घ्यावं? तिने लिहिलं, 'बासमतीला वास असतो, आंबेमोहोराला स्वभाव असतो. तुमची ओळख अजून वासापर्यंतच झालेली दिसते.'

लोक पोट धरून हसले. खवय्या हसला नाही. त्याने तिला बघायला म्हणून एक फोटो पाठवला. तिने भोळेपणाने तो उघडला. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर आकड्यांची एक माळ लिहिली. 'भोरकरीण बाई, हा तुमच्या घराचा नंबर. फोटो उघडलात आणि मला मिळाला. आठवडाभर बघेन. मग एक दिवस दारात येईन. भात वाढून ठेवा.' आणि खरंच, आठवडाभर तो रोज तीच माळ लिहीत राहिला. 'अजून तिथेच आहात.'

रहमतबी दिवसाही दाराला कडी घालू लागली. लिहिणं थांबलं. उस्मानला सांगायची सोय नव्हती. त्याने डबाच उपटून फेकला असता. खवय्या आला तर भात वाढून त्याला वाटेला लावता आलं असतं, पण ते पान गेलं असतं तर तिच्या दुपारी गेल्या असत्या.

सौदामिनी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"तो नंबर फार तर गावापर्यंत आणतो, दारापर्यंत नाही. कुठल्या घरी कुठला नंबर ते आमच्या ऑफिसात कळतं, आणि आम्ही ते कुणाला सांगत नाही. पण नंबर माहीत असला की बाहेरून तुमच्या कॉम्प्युटरला धडका मारता येतात. तेव्हा बदलून टाका. चर्चा चालवणाऱ्यांकडं त्याची तक्रार करा आणि डबा दहा मिनिटं बंद ठेवून परत चालू करा. नवा नंबर मिळतो."

"येवढंच?"

"एवढंच. मला नवल वाटतंय ते वेगळंच. भोरात रोज लोडशेडिंग. लाइट गेली की डबा बंद, आली की नवा नंबर. या गावात कुणाचा नंबर दुपारच्या पुढं टिकत नाही. तुमचाच कसा टिकला हो?"

रहमतबीने कॉम्प्युटरच्या टेबलाखाली पाहिलं. तिथे उस्मानची बॅटरी होती.

उस्मानचं शिवऱ्याला हायवेवर बॅटऱ्यांचं दुकान. अख्ख्या महाराष्ट्राचे ट्रक चालू करून देणारा माणूस. पण गेल्या वर्षी एका शुक्रवारी कुवेतला फिरोजची लेक नबीला टेबलाचा पाय सोडून कॅमेऱ्याकडे यायला निघाली, आणि इकडे लाइट गेली. पुढच्या शुक्रवारी ती घरभर धावत होती. पहिलं पाऊल मात्र लोडशेडिंगात गेलं. दुसऱ्या दिवशी उस्मानने कॉम्प्युटरला मोठी बॅटरी जोडली आणि डबा वेगळ्या छोट्या बॅटरीवरच चालेल असं केलं. डब्याच्या बटणावर काळी टेप गुंडाळली. "ह्याला कुनी हात लावायचा न्हाई." तेव्हापासून दुकानातून आला की तो आधी डब्यावरचे चार हिरवे दिवे बघायचा, मग पाणी मागायचा.

चर्चा चालवणाऱ्यांनी खवय्याला हाकललं. पण नंबर त्याच्याजवळ होताच. शुक्रवारी उस्मान नमाजला गेल्यावर रहमतबीने चुलीवर भात ठेवला, ब्लाउजची कात्री घेतली आणि डब्यापाशी बसली. उस्मानची टेप होती. ट्रकच्या हादऱ्यालाही न सुटणारी.

"काय कापतीस?"

उस्मान दारात उभा. तिने कडी घालायची ती नेमकी आज विसरली होती.

"टेप."

"माजी?"

मग सगळं सांगावंच लागलं. दुपारचं लिहिणं, भोरकरीण, खवय्या, माळ. उस्मान टोपी न काढता खाली बसला. ती कात्री मांडीवर धरून वाट बघत राहिली.

"काय म्हनला त्यो आंबेमोहोराला?"

"गरिबाची बासमती."

"त्येच्या..." मशिदीतून नुकताच आल्यामुळे पुढचा शब्द त्याने गिळला. "आन् तू?"

तिने सांगितलं. उस्मानने मान खाली घातली. मग त्याचे खांदे हलू लागले.

"ह्ये तू लिवलंस?"

"व्हय."

"एकलीनं?"

"एका बोटानं."

हसू ओसरल्यावर त्याची नजर टेबलाखाली गेली. "म्हंजी घात माज्या बॅटरीनं केला."

"घात कसला? समद्या गावाचा नंबर पळतो, आपलाच एका जागी उभा ऱ्हायला. तुमच्यागत."

हे कौतुक की टोमणा, ते त्याला ठरवता आलं नाही. त्याने छोट्या बॅटरीच्या चिमट्याला हात घातला आणि तसाच थांबला.

"आता तीनला फिरोज येनार. नंबर बदलल्यावर त्याला आपन सापडू ना?"

"त्यो नंबरानं न्हाई, नावानं हुडकतो."

"नक्की?"

"मॅडमला इचारलंय," रहमतबी म्हणाली. मॅडमना नेमकं तेवढंच विचारायचं राहिलं होतं.

त्याने चिमटा काढला. चारी दिवे विझले. वर्षभरात पहिल्यांदा. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसा उस्मान डब्यापाशी बसून राहिला. आतून आंबेमोहोराचा वास यायला लागला.

"मगाचं पुन्यांदा सांग. वासाचं."

तिने सांगितलं.

"आन् आता काय लिवनार?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. "भाकरीच्या पिठाचं लिवीन म्हंते."

"लिव. पर फोटू बिटू कुनाचा उघडू नको."

चिमटा परत लागला. एक दिवा आला, दुसरा आला. इंटरनेटचा चौथा दिवा यायला फार वेळ लागला.

तीन वाजून गेले आणि पडद्यावर फिरोज आला. त्याच्या मांडीवरून नबीला कॅमेऱ्याकडे झेपावली. फिरोज म्हणाला, "अब्बा, मागं सरका, नुसतं कपाळ दिसतंय." रहमतबीने मशीनवर डोकं टेकून घटकाभर डोळे मिटले. मग उठून भात वाढला.

आता दर शुक्रवारी नमाजनंतर उस्मान स्वतःच डबा बंद करतो. भोरकरणीने काय लिहिलं आणि काय लिहायचंय ते त्या दहा मिनिटांत ऐकून घेतो, मधेच "ह्ये जरा तिखाट झालं" असंही म्हणतो. मग चिमटा लावतो. तीन दिवे लगेच येतात.

चौथा येईपर्यंत तो चिमट्यावरचा हात काढत नाही.