मराठीतला गळ

योगिनीच्या नोकरीचं नाव मोठं होतं. सायबर सिक्युरिटी अ‍ॅनालिस्ट. हैदराबादेतल्या तारनाक्याच्या गल्लीत तिचे वडील एकनाथराव ते नाव अडखळत घ्यायचे आणि लगेच सोपं करून सांगायचे, "कंप्युटरातले चोर पकडते आमची पोरगी."

चोर कसले आलेत? दिवसभर पडद्यावर लाल-पिवळे इशारे पडत राहायचे. कुणी पासवर्ड चुकवलेला, कुणी नको ती फाइल उघडलेली. एकेक उघडायचा, बघायचा, 'धोका नाही' असा शेरा मारायचा आणि बंद करायचा. शेजारचा ओमकार फटाफट बंद करत सुटायचा. योगिनी एकेका इशाऱ्यापाशी थांबायची. या माणसाने पासवर्ड इतक्यांदा का चुकवला असेल? घाबरला असेल? घरून फोन आला असेल? ओमकार हसायचा. "तू सिक्युरिटीत आहेस का समुपदेशनात?"

वर्षभराच्या कामाच्या हिशेबाला तिचे वरिष्ठ वेणुगोपाल सरांनी तिला समोर बसवलं. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसं असती तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. ते तेलुगूत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "रागावू नकोस अम्मा. पण हे काम तुझ्यासाठी आहे का, याचा एकदा विचार कर."

योगिनीने घरी सांगितलं नाही. सांगून काय? एकनाथराव म्हणाले असते, बँकेच्या परीक्षा दे. नांदेडकडची जमीन सोडून आजोबा निजामाच्या काळात इथे आले तेव्हापासून या घराण्याला एकच स्वप्न पडतं, बँकेतल्या खुर्चीचं. तिला ती खुर्ची नको होती. हट्टाने शिकलेलं हे काम आपलं नाही, असं दुसऱ्याने ठरवावं, हे तिला झोंबलं होतं. म्हणून सरांनी पुढचं काम पुढे केलं तेव्हा तिने ते दोन्ही हातांनी घेतलं.

काम असं. कंपनी आपल्याच माणसांना खोट्या मेल पाठवते. पार्सल अडकलंय, इथे क्लिक करा. बोनस आलाय, इथे पासवर्ड टाका. जो टाकेल तो फसला. मग त्याच्या पडद्यावर गळाला लागलेला मासा येतो आणि खाली उपदेश. आपणच खड्डा खणायचा, आपल्याच माणसाला ढकलायचं आणि वरून वाकून सांगायचं, बघून चालत जा. याला साहेबलोक जागरूकता म्हणतात. तिसऱ्यांदा फसलेल्याचं नाव एचआरकडे जातं आणि एचआरकडे गेलेलं नाव फारसं परत येत नाही.

"इंग्रजीतल्या मेलला आता कुणी भुलत नाही," सर म्हणाले. "खरे चोर तेलुगूत लिहायला लागलेत. आपणही ज्याच्या त्याच्या भाषेत लिहू. मराठी तुझ्याकडे. असं लिही की मलासुद्धा क्लिक करावंसं वाटलं पाहिजे."

"तुम्हाला मराठी येत नाही, सर."

"म्हणूनच तर तुला सांगतोय."

एवढ्या मोठ्या ऑफिसात मराठी माणसं होती मोजकीच, आणि त्यांत योगिनीच्या ताटाला ताट लावून जेवणारी एकच. पगार विभागातल्या वंदनाताई. पुण्याच्या. नवऱ्याच्या बदलीबरोबर इथे आल्या आणि कुकटपल्लीत घर घेऊन राहिल्या. योगिनीचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी त्यांनी कपाळाला हात लावला होता.

"काय की, हौ, नक्को! अगं, ही मराठी आहे का बिर्याणी?"

"बिर्याणीच की, ताई. तुमची पुण्याची म्हणजे साधं वरण. मीठ पण नाही."

तेव्हापासून दोघींचं जमलं. योगिनीच्या डब्यातली आंबाडीची भाजी त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खायच्या आणि वर नावंही ठेवायच्या. घरी योगिनी मराठी बोलायची, पण लिहिता येत नव्हतं धड. तेही त्यांनीच शिकवलं, जेवणाच्या सुट्टीत, कागदी रुमालांवर.

मागच्या वर्षी वंदनाताईंच्या नवऱ्याला, सुधीररावांना पक्षाघाताचा झटका आला. हात-पाय सावरले, वाचा गेली. सगळी नाही. तेलुगू, हिंदी, इंग्रजी, जन्मभर ज्या भाषांत नोकरी केली त्या साफ पुसल्या गेल्या. उरले ते मराठीचे थोडे तुकडे. आणि इथे बोलणं शिकवणाऱ्या बाया तेलुगूत शिकवणार, फार तर हिंदीत. समोर सफरचंदाचं चित्र धरायचं आणि म्हणायचं, सेब बोलिए. सुधीरराव चित्राकडे बघून रडायचे.

"शब्द हरवलेले नाहीत गं त्यांचे," वंदनाताई एकदा घास हातात धरून म्हणाल्या होत्या. "शब्द आहेत आत. बाहेर यायची वाट बुजलीय."

योगिनी मराठी मेल लिहायला बसली तेव्हा हे वाक्य आपोआप बोटांखाली आलं. 'शब्द हरवलेले नसतात, बाहेर यायची वाट बुजलेली असते.' खाली लिहिलं, की कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी आरोग्य विम्यात आता मराठीतून वाचा-उपचार सुरू होत आहेत, नाव नोंदवण्यासाठी ऑफिसचा पासवर्ड टाका. त्या वेळी वंदनाताई डोळ्यांपुढे आल्या नव्हत्या? आल्या होत्या. खोटं कशाला बोलायचं? एक क्षण आल्या आणि योगिनीने त्यांना बाजूला सारलं. वाक्य फार चांगलं जमलं होतं. ताई आधी दोनदा फसल्यात, आता त्या सावध असतील, असंही तिने स्वतःला समजावलं. फॉर्म खरा वाटावा म्हणून तिने आपल्या मनाने एक मोकळा चौकोनही ठेवला. 'रुग्णाविषयी थोडे लिहा.'

मेल संध्याकाळीच सुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी योगिनीने यादी उघडली तेव्हा रात्रीतच नावं आली होती. पहिलंच नाव वंदनाताईंचं होतं.

मोकळ्या चौकोनात त्यांनी लिहिलं होतं: 'मिस्टरांना समजतं सगळं. मला ते पाणी म्हणतात. तहान लागली तरी पाणी, मी दिसले तरी पाणी. माझं नाव त्यांना सापडत नाही. बाकी काही नाही आलं तरी चालेल, एकदा नाव घेतलं तर बरं वाटेल. आपण मराठीत ही सोय केलीत, आपले उपकार कसे फेडू.'

योगिनीने लॅपटॉपचा पडदा मिटला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिली.

दुपारी वंदनाताई डबा घेऊन आल्या त्या जवळजवळ धावतच. डब्यात शिरा होता.

"खा आधी. मग सांगते. नाही, आधी सांगते! सुधीरसाठी मराठी शिकवणारी बाई मिळतेय, ऑफिसतर्फे!"

"कुणी सांगितलं, ताई?"

"मेल आली की. बघ, तुझ्यासारखं 'की' लागलं मला." त्या खळखळून हसल्या. "आता म्हणशील, ताई, नीट बघून क्लिक केलं ना? दोनदा तुमच्या त्या माशाने माझी शोभा केलीय. पण ही मराठीत होती गं. स्वच्छ मराठी. या हैदराबादेत मला मराठीत कोण फसवणार? फसवणारे सगळे इंग्रजीत फसवतात."

योगिनीच्या तोंडात शिरा तसाच राहिला. खोट्या मेलची ही मोहीम बंद होईपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही, हा नियम. एकाला कळलं की सगळ्यांना कळतं आणि परीक्षा वाया जाते. परीक्षा वाया गेली की योगिनीही वाया गेली.

"घरी सांगितलंत?" तिने विचारलं.

"सांगितलं ना. त्यांना नवा शर्ट हवाय पहिल्या तासाला. बोट दाखवलं कपाटाकडे. शिरा गोड झालाय का?"

"हौ, ताई."

जागेवर येऊन योगिनीने यादी पुन्हा उघडली. वंदनाताईंच्या नावापुढे खोडायची सोय होती. खोडलं असतं तर कुणी खोडलं याचीही नोंद झाली असती. ही नोंदीची व्यवस्था तिनेच बसवली होती. नोकरी गेली असती, पुढे या धंद्यात कुणी उभंही केलं नसतं. ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. मग ओमकार म्हणाला, "काय गं, कॉफी?" आणि ती उठली. बस, इतकंच झालं. मोठं काही घडलं नाही. माणसं अशीच विकली जातात, कॉफी प्यायला उठता उठता.

मोहीम बंद झाली आणि क्लिक केलेल्या सगळ्यांच्या पडद्यावर मासा आला. मराठी मेलवाल्यांसाठी मराठी उपदेश. 'अरेरे! हा केवळ सराव होता.' ते 'अरेरे' योगिनीनेच सुचवलं होतं.

वंदनाताईंना एचआरने बोलावलं. पगाराच्या फायली ज्यांच्या हातात असतात त्यांनी तीनदा चुकायचं नसतं. त्यांना राजीनामा द्यायला सांगितलं, म्हणजे त्यांनी स्वतःहून दिला असं लिहून घेतलं. एवढी वर्षं एकाचाही पगार एका रुपयाने चुकवला नव्हता बाईने. त्याची नोंद करणारं यंत्र अजून कुणी काढलेलं नाही.

जाताना त्या योगिनीच्या टेबलापाशी थांबल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारा डबा.

"ते वाक्य माझं होतं."

योगिनी उभी राहिली. "हौ, ताई."

"बाकीचं तू लिहिलंस?"

"हौ."

वंदनाताईंनी मान हलवली. आवाज चढला नाही. "चांगलं लिहिलंस. मराठी सुधारली तुझी."

त्याच आठवड्यात वेणुगोपाल सरांनी तिला आत बोलावलं. सगळ्या भाषांत मराठी मेलला शेकड्यात सर्वांत जास्त माणसं फसली होती. सर मनापासून खूश होते. "मी चुकलो, अम्मा. तुला माणसाची दुखरी जागा दिसते. हे शिकवून येत नाही. तू याच कामासाठी जन्मली आहेस." यापुढे सगळ्या भाषांच्या मोहिमा तिच्याकडे. ओमकार तिच्या हाताखाली.

आणि सर खोटं बोलत नव्हते, हेच तर वाईट होतं. काम तिला जमत नसतं तर सुटली असती. जो इशारा ओमकार न बघता बंद करायचा, त्यात माणूस शोधणारी ही पोरगी. त्या शोधण्याचा उपयोग कंपनीला अखेर सापडला होता.

घरी एकनाथरावांनी पेढे आणले. योगिनीने एक तोंडात टाकला, बाकीचे शेजारी वाटायला गेले.

मग ती शोधायला लागली. चोर जसा शोधायचा शिकली होती, तसंच. पुण्यात सायली नावाची वाचा-उपचार करणारी बाई सापडली. व्हिडिओवर शिकवायची, मराठीत. योगिनीने तिची नोंदणी तपासली, तिच्या दोन जुन्या पेशंटच्या घरी फोन केले, सगळं खरं निघालं. वंदनाताईंना तिने लिंक पाठवली. खाली लिहिलं, 'ताई, ही खरी आहे.' मेसेज वाचल्याची खूण आली. लिंक उघडली गेली नाही. पुन्हा पाठवली. फोन केले. वंदनाताईंनी एकही उचलला नाही.

रविवारी ती कुकटपल्लीला गेली. सायलीला वेळ ठरवून सांगितली होती. जिन्यातच व्हिडिओ कॉल लावला आणि बेल वाजवली.

दार अर्धं उघडलं. वंदनाताई बारीक झाल्या होत्या. मागे खुर्चीत सुधीरराव बसले होते. कोण आलंय ते बघायला त्यांनी मान लांब केली.

"ताई, ह्या सायली मॅडम, पुण्याच्या. एकदा बोलून तर बघा." योगिनीने फोन पुढे धरला.

"नमस्कार वंदनाताई," फोनमधली बाई हसून म्हणाली. स्वच्छ मराठीत.

वंदनाताईंनी फोनकडे नीट पाहिलं. मग योगिनीकडे.

"ह्या खऱ्या कशावरून?"

"मी सांगते ना, ताई. मी सगळं तपासलंय."

"तू सांगतेस म्हणूनच विचारलं."

कागद, नोंदणी, फोन नंबर, सगळं होतं तिच्याकडे. खोटी गोष्ट खरी कशी दिसते हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्या दिवशीचा फॉर्मही असाच नीटनेटका होता.

"त्यांनी शर्ट घालून ठेवला होता," वंदनाताई म्हणाल्या. "दोन दिवस काढू देत नव्हते. त्यांना पुन्हा तयार करून बसवायची ताकद नाही गं माझ्यात. तू ये पुन्हा कधी. सहज ये, आंबाडी घेऊन ये. हे नको आणूस."

आतून सुधीररावांनी काहीतरी आवाज केला. वंदनाताई वळल्या आणि दार हलक्या हाताने लावून घेतलं.

योगिनी जिन्यात उभी राहिली. फोन अजून समोरच धरलेला होता.

"हॅलो?" सायली विचारत होती. "आवाज येतोय ना माझा? पेशंट आहेत का तिथे?"