मतविभागणीची घंटा

मी एक जुनी विजेची घंटा आहे, मित्रांनो. राज्याच्या विधानसभेच्या दारावर मला बसवले आहे. चुंबकाने हातोडी ओढली की ती पितळेच्या वाटीवर आदळते. माझा आवाज मुद्दाम कर्कश ठेवला आहे. उपाहारगृहात दडलेल्या आमदारालाही तो टाळता येऊ नये.

एखाद्याने मतविभागणी मागितली की मी वाजते. मग आमदार दोन बाजूंना उभे राहतात आणि प्रत्येकाचे मत नावानिशी नोंदले जाते. पूर्वी माझे फार कौतुक होई. पुढे सगळे आवाजी मतदानावर उरकू लागले. सगळे मिळून 'होय' ओरडतात. कोण ओरडले, कोण गप्प बसले, कुणालाच कळत नाही. माझ्या वाटीत कोळ्याने जाळे विणले.

यंदा एका बड्या कंपनीला करमाफी देण्याचे विधेयक आले. त्या दिवशी प्रेक्षकांच्या सज्जात एक परिचारिका येऊन बसली. तिजोरीत पैसा नाही म्हणून तिच्या गावातले प्रसूतिगृह बंद झाले होते. तिथला आमदार तिचा धाकटा भाऊ. "ताई, तुझ्या प्रसूतिगृहाची शपथ, असल्या करमाफीला मी कायम विरोध करतो," असे तो घरी सांगे. खरे काय ते तिला पाहायचे होते. मागच्या बाकावरच्या आमदारबाईंना तिने आधीच गाठले होते. "बाई, फक्त मतविभागणी मागा."

बाईंनी मागितली. मी खरखरले, आणि मग दणदणून वाजले! नव्या आमदारांना वाटले, आग लागली. ते बाहेरच पळाले.

"आग नाही हो, मत द्यायचंय!" शिपाई ओरडला.

"मग आगच बरी होती," एक जण पुटपुटला.

भाऊ 'होय'च्या बाजूला उभा राहिला. नंतर बहिणीने त्याला माझ्याखालीच अडवले.

"ताई, पक्षाचा आदेश होता गं."

"मग शपथ पक्षाची घ्यायचीस. रविवारी चौकात सभा आहे. तू सांगतोस, की मी सांगू?"

"घरातली गोष्ट चौकात कशाला?"

"रस्त्यात, गाडीतच बायका बाळंत होतायत. ती कुणाच्या घरातली गोष्ट रे?"



आता आमदारांना माझ्या आवाजाचा त्रास होतो म्हणे! मला काढून टाकण्याचा ठराव येतो आहे, तोही आवाजी मतदानाने. मित्रांनो, मला तेलपाणी नको, पॉलिश नको. तुमच्या आमदाराला विचारा, तुम्ही कोणत्या बाजूला उभे होतात? आणि माझ्या ठरावावरही मतविभागणी मागायला लावा. मला काढायचेच असेल, तर आधी मला वाजवावे लागेल.