सुकटीत लपलेले उपग्रह

चेकपॉइंटची रांग दिसली तसा नसरुद्दीनने गाडीचा वेग कमी केला, आणि आरशात त्याला मागच्या सीटवर बसलेल्या इफराच्या मांडीवरची वही दिसली.

"ती वही कसली गो?"

"प्रोजेक्ट, अब्बा! वातावरणाचे वरचे थर अभ्यासणारे पहिले उपग्रह!" विषय निघायचीच खोटी, इफरा सुटली. "बासष्ट साली अलुएत नावाचा उपग्रह गेला, त्याने आयनोस्फिअर वरून तपासला. मी खालून तपासतेय, रेडिओने. आकाशवाणीची उर्दू सर्व्हिस रोज संध्याकाळी किती वाजता लागते, रात्री कितपत स्पष्ट येते..."

"आणि हे लाल काय?"

"सायरन झाला की ऐकणं बंद. त्याची वेळ."

नसरुद्दीनच्या तोंडचं पाणी पळालं. एक्क्याण्णवचं आखाती युद्ध पेटलं होतं; रियाधवर क्षेपणास्त्रं पडू लागून आठवडा झाला होता. मलाझमधल्या घराला कुलूप घालून तिघं जेद्दाला निघाली होती, आणि पोरीने सायरनच्या वेळा तांबड्या शाईत लिहून ठेवल्या होत्या, कुणालाही हेरगिरी वाटावी अशा! हाइलपर्यंतच्या शेतांवर पंप दुरुस्त करत त्याने पंधरा वर्षं काढली ती एकाच नियमावर: इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, खिशात; तोंड बंद.

"रुकय्या, लपव ती!"

शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने मागे वळून वही ओढली आणि पायाशी ठेवलेल्या, गावाहून आलेल्या सुकटीच्या पिशवीत खुपसली. हल्ल्यातला विषारी गॅस आत येऊ नये म्हणून खिडक्यांना लावायला आणलेली चिकटपट्टी उरली होती, तीही वरून चार वेढे गुंडाळली. "सुकटीत कोण हात घालतंय!"

बरोबर पाच मिनिटांनी सैनिकाने रुकय्याच्या बाजूचं दार उघडलं, नाक वर केलं आणि त्या चिकटपट्टीच्या गाठोड्याकडे बघत दोन उड्या मागे मारल्या.

"गाझ! गाझ!"

त्याने मुखवटा चढवला. दुसऱ्याने बंदूक रोखली. इफराला हसू आलं आणि त्याच क्षणी गोठलंही, कारण अब्बांचे हात वर गेले होते. त्यांनाच पट्टी सोडायला लावली. वाळक्या कोळंबीतून वही बाहेर आली.

चौकीतून आलेल्या अधिकाऱ्याने पानं चाळली. आकडे, वेळा, तांबड्या रेघा. "मुलीचं शाळेचं काम आहे," नसरुद्दीन म्हणाला. अधिकाऱ्याने तिघांचे इकामे स्वतःच्या खिशात टाकले.

"शाळेचं काम तर लपवलं कशाला?" तो अरबीत म्हणाला.

नसरुद्दीन हातातली चिकटपट्टी गोळा करत राहिला.

इफरा गाडीतून उतरली. "अगो, गप बस!" रुकय्याने ओढणी धरली, ती सोडवून इफरा इंग्रजीत बोलायला लागली. खूप उंचावर एक थर असतो, तो दिवसा मीडियम वेव्हचा रेडिओ गिळतो. सूर्य गेला की तो विरतो, आणि त्याच्या वरचा थर लांबची स्टेशनं खाली परतवतो. उपग्रहांनी वर जाऊन तेच थर मोजले. "दाखवते ना तुम्हाला! पाच-पस्तीसला उर्दू सर्व्हिस लागेल."

गाडीचा रेडिओ लावला. नुसती खरखर.

पाच-पस्तीस. पाच-छत्तीस. पाच-चाळीस. खरखरच.

अधिकाऱ्याने वायरलेस उचलला. जीप बोलावली, तेवढं इफराला कळलं. नसरुद्दीनने घड्याळ काढून रुकय्याच्या हातात दिलं, आपल्याला कुठे नेणार ते माहीत असल्यासारखं. रुकय्याचे ओठ हलत होते.

असं कसं झालं? जवळजवळ दोन महिने एकदाही चुकलं नव्हतं! इफराने रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. सूर्य अजून वाळूच्या दोन बोटं वर होता.

या अल्ला! सकाळपासून गाडी पश्चिमेला पळत होती, साडेचारशे किलोमीटर. इथला सूर्यास्त उशिरा होणार. तिने सांगितलेली वेळ रियाधची होती. एवढी मोठी शास्त्रज्ञ, आणि घड्याळ बघत बसली, आभाळ नाही!

"माझं चुकलं," ती म्हणाली. अधिकाऱ्याने भुवया उंचावल्या. "वही चुकलेली नाही, मी चुकले. त्या वेळा रियाधच्या आहेत. तुमच्याकडे रियाधच्या नमाजच्या वेळांचं कॅलेंडर आहे का?"

चौकीच्या भिंतीवर होतं. त्याने ते खिळ्यावरून काढून आणलं आणि वहीशेजारी धरलं. पाच डिसेंबर: वहीत पाच-चार, मग्रिब, म्हणजे सूर्यास्ताची नमाज, पाच-तीन. वीस डिसेंबर: एका मिनिटाचा फरक. दहा जानेवारी: दोन. तो एकेका ओळीवर बोट ठेवत गेला. दूरवर जीपची धूळ दिसू लागली होती. त्याने घाई केली नाही. दिवसामागून दिवस, वेळा मग्रिबबरोबर सरकत होत्या.

"आणि हे तांबडं?"

"त्या रात्रींच्या नोंदी अर्ध्याच राहिल्या. त्या दिवसांचे मार्क जाणार माझे," इफरा फणकाऱ्याने म्हणाली. अधिकाऱ्याची मिशी जराशी हलली.

त्याने जीपला हात करून थांबवलं. इकामे काढले, फोटो पुन्हा एकदा चेहऱ्यांशी ताडून पाहिले आणि नसरुद्दीनला दिले.

"वही इथे राहील."

इफराचं तोंड उघडलं. जवळजवळ दोन महिन्यांचं काम! रुकय्याने दंडाला असा चिमटा काढला की ते मिटलंच.

"यल्ला, निघा," अधिकारी म्हणाला.

वीस किलोमीटर पुढे, पेट्रोल पंपावर नसरुद्दीन उतरला, पण टाकीचं झाकण काही केल्या त्याला फिरवता येईना. बोटं सारखी घसरत होती. इफरा खाली उतरली, त्याचा हात बाजूला केला आणि झाकण उघडलं.