खुणेचा लाल ठिपका

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला नाग पाळायचा होता, पण विषारी नको होता. म्हणजे पोहायचं, पण अंग भिजू द्यायचं नाही. मी प्राण्यांच्या दवाखान्यात नर्स, म्हणून भाऊजी आधी आमच्याकडे आले. विषाच्या ग्रंथी काढून द्या म्हणाले. आमच्या डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "त्यापेक्षा गोगलगाय पाळा. तिच्यात काढायला काही नसतं."

एवढ्याने शहाणे होतील ते भाऊजी कसले! त्यांनी कुठून तरी दोन नाग आणले. त्यांचा एक मित्र दातांचा डॉक्टर. त्याने स्वयंपाकघराच्या ओट्यावर, दोन नागांपैकी एकाचं तोंड फाकवून दोन्ही बाजूंच्या ग्रंथी काढल्या आणि आत टाके घातले. त्या बिचाऱ्या जिवाने पंधरा दिवस उंदराला तोंड लावलं नाही. दुसऱ्याचा नंबर पुढच्या महिन्यात होता. दोघे दिसायला अगदी सारखे, म्हणून भाऊजींनी कापलेल्याच्या मानेवर ताईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. काय ती अक्कल!

रविवारी ऑफिसातली मंडळी आली. माझी सात वर्षांची भाची नाग गळ्यात घालणार, हा कार्यक्रम. ताई चहाचा ट्रे धरून उभी होती, चेहरा पांढराफटक.

भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये नागाची कात लावली होती. "परवाच टाकली," भाऊजी सांगत होते. "काल दोन्ही पेट्या स्वच्छ धुऊन घेतल्या." मी कौतुक करायला म्हणून जवळ गेले, तर कातेवर लाल ठिपका! पेट्यांत पाहिलं. दोघांच्याही माना कोऱ्या होत्या.

"भाऊजी, खूण कातेबरोबर गेली. पेट्या धुताना दोघांना बाहेर काढलंत ना? मग आता कुठला कुठे आहे?"

"डावीकडचा. मला माझे नाग ओळखू येतात."

"मग तोंड उघडून टाके बघा."

"लोकांसमोर तमाशा करू नकोस," ते दातओठ खात म्हणाले. झाकण उघडून त्यांनी भाचीचा हात धरला आणि पेटीकडे नेला.

मी तिला मागे खेचलं. रागाने माझा आवाज चिरकला. "विषाची परीक्षा पोरीच्या हाताने कशाला? एवढी खात्री आहे तर आधी तुमचा हात घाला!"

पाहुण्यांनी कप खाली ठेवले. भाऊजींचा हात पेटीच्या काठापर्यंत गेला. आत नाग जरा हलला, आणि तो हात सरळ खिशात गेला.

"आज त्याचा मूड दिसत नाही," भाऊजी हसले. बाकी कोणी हसलं नाही.

"बाबा, घे ना," भाची म्हणाली. "त्याच्यात विष नाहीये. तूच सांगितलंस ना मला?"

ताई त्या खिशाकडे बघत राहिली. मग तिने ट्रे टेबलावर ठेवला, लेकीच्या चपला उचलल्या आणि मला म्हणाली, "चल, आम्हाला तुझ्याकडे घेऊन चल."