भस्म लावलेली अंडी

काचेआड पुढच्या रांगेतल्या तिसऱ्या अंड्यावर भस्माच्या तीन पट्ट्या अजून स्पष्ट होत्या – मधली जराशी फिसकटलेली. मल्लम्मा सुनेच्या अंडी उबवायच्या पेटीसमोर पाटावर बसून होत्या. लिंगायताच्या घरात बासष्ट वर्षं अंड्याला न शिवलेल्या हातांनी त्यांनी चार दिवस वीस अंडी दिवसातून तीनदा उलटवली होती, आणि दर वेळी डोक्यावरून पाणी घेतलं होतं.

आईचा पाय मोडला म्हणून सून शिवरंजनी पिंगळीला गेली. कुठलं अंडं उलटवलं ते कळावं म्हणून जाताना पेन्सिलीच्या खुणा दाखवून गेली. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. मोतीबिंदूच्या डोळ्यांना कुठली फुली अन् कुठला गोल! मग देवघरातलं भस्म ओलं करून प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला लावलं. केवढी हुशारी वाटली होती आपली आपल्याला.

परवा पेडगावचा कोंबड्यांचा व्यापारी येडबा दारात येऊन गेला. "समदी पिल्लं माझी बरं का, मावशी. जत्रंला कापाया कोंबडे लय लागतेत."

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. माझा शिवकांत जन्मला तेव्हा माझ्या आईने त्याच्या कपाळी भस्म लावलं – आता हा आपल्यातला झाला, म्हणाली. नातीच्या वेळी तेच मीही म्हणाले… मीच. आणि ही वीस? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. आज सगळी पुसून काढायची ठरवून ओलं फडकं घेऊन बसल्या, तर सुनेचा फोन.

"आत्याबाई, आज विसावा दिवस हाय. आता झाकण अजिबात उघडू नका. आतली वाफ गेली तर पिल्लं कवचातच मरत्यात."

"अगं, पण पुसायचं ऱ्हायलंय…"

"काय पुसायचं?"

"काई न्हाई."

फडकं मांडीवरच वाळलं. दोन्ही हात काचेवर टेकवून त्या बघत राहिल्या. फिसकटलेल्या पट्टीवरच एक तडा गेला, कपची उडाली, आणि आतून आवाज आला – बारीक, हट्टी. मल्लम्मांना भीती वाटायला हवी होती. हसू आलं, आणि त्याचीच लाज वाटली.

पूजा राहिली होती. देवघरात बसून त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं, आणि मग ध्यानात आलं – आज अंघोळ नाही, हातसुद्धा धुतले नाहीत. येडबाला काय सांगायचं तेही सुचलं नव्हतं. मागे पेटीत दुसरा आवाज उठला. काचेची ऊब अजून तळहातात होती; त्या अंघोळीला उठल्या नाहीत.