खात्यावर माझं नाव

कॅनडातल्या सडबरीच्या निकेल खाणीतून निवृत्त झाल्यापासून माझ्या नवऱ्याला, रेजाँला, दोनच कामं. मी बर्फ उपसायला बाहेर पडले की खिडकीतून सूचना करायच्या, आणि फोनवर जुगार खेळायचा. दुसरं काम सुटलं, असं मी धरून चालले होते. गेल्या वर्षी आमच्या मुलीसमोर त्याने स्वतःचं नाव बंदीच्या यादीत घातलं होतं. कुठलाही ऑनलाइन कसिनो त्याला आत घेणार नव्हता.

दोन महिन्यांपूर्वी मी वाटाण्याचं सूप ढवळत होते, तर हा मागे येऊन उभा. “ज्योसलीन, राणी, लायसन्स गालाजवळ धर आणि हस. तोंड मिटून हस, ती फट दिसते.”

माझे समोरचे दोन दात पडलेत. त्याला राणीची फट दिसते!

“फोटो कशाला?”

“अकरा हजार डॉलर जिंकलोय! कसिनोतलं खातं तुझ्या नावाने आहे ना, म्हणून. आता ते भिकारडे ओळखपत्र मागतात, बँकेचा उतारा मागतात. पैसे घेताना तोंडातून शब्द नव्हता मेल्यांच्या!”

उतारा माझ्याच बँकखात्याचा हवा होता. तो मी उघडून पाहिला. शाळेची बस चालवून दातांसाठी साठवलेले चार हजार थोडे थोडे करून कसिनोत गेले होते.

“आता सोन्याचे बसव की!” म्हणे. लाज कशाशी खातात, ते या माणसाला ठाऊकच नाही.

कागद पाठवूनही त्यांचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी तपासणीवाल्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. “दुपारी वेळ जात नाही म्हणून खेळते, असं सांग,” एवढं पढवून रेजाँ फ्रिजच्या आड उभा राहिला.

मीच आधी विचारलं, “बाई, एवढी चौकशी कशासाठी?”

“काय सांगू मॅडम, कार्ड चोरीचं निघतं. नातू आजीच्या नावाने खेळतो. बंदी असलेला नवरा बायकोच्या नावाने येतो. म्हणून खेळणारा कोण आणि पैसे कुणाचे, ते बघावं लागतं.”

“आणि तसं निघालं तर?”

“जिंकलेलं रद्द. भरलेले पैसे ज्याच्या खात्यातून आले, त्याला परत.”

फ्रिजआडून रेजाँ दोन्ही हात जोडत होता. अकरा हजारांचा मोह मला झाला नाही, असं नाही. पण त्या दिवशी मी हसून खोटं बोलले असते, तर पुढच्या महिन्यात पुन्हा लायसन्स गालाजवळ धरावं लागलं असतं.

मी फोन फ्रिजकडे वळवला. “खेळणारा हा. तुमच्या यादीत बघा, सापडेल.”

चार हजार परत आले. रेजाँ माझ्याशी बोलत नाही; मी अकरा हजार पाण्यात घातले, असं शेजारीपाजारी सांगत फिरतो.

काल नवे दात बसले. घरी येऊन त्याच्यासमोर बसले आणि चांगलं तोंड उघडून हसले.